दोन्ही काटे एकदम चढले, तर मीटर उघडू नका

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांचं वायरिंग

या वेळी आलेल्या पत्रांत पेट्रोलच्या आणि टेंपरेचरच्या काट्याबद्दलची पत्रं जास्त आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करता करता एक गोष्ट मनाला लागते. चांगल्या चालत्या गाडीतून ब्रिटिश बनावटीचा अस्सल मीटर काढून भंगारात टाकला जातो आणि त्या भोकात भलतंच काहीतरी बसवलं जातं. त्यातले बहुतेक मीटर बिघडलेले नसतात. तेव्हा पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो.

प्रश्न : वस्ताद, नमस्कार. आमच्याकडे १९७४ची लँड रोव्हर सीरीज थ्री आहे. आखूड चेसिसची, ८८ इंची, पेट्रोल इंजिन. थोरल्या काकांनी ती गारगोटीकडच्या शेतावर वापरली, नंतर बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. मागच्या उन्हाळ्यात पूर्ण खोलून पत्रा काम आणि रंगकाम करून घेतलं. गाडी देखणी झाली, पण तेव्हापासून पेट्रोलचा काटा कायम भरलेली टाकी दाखवतो आणि पाण्याचा काटा लालच्या जवळ जाऊन बसतो. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट नवा टाकला, टाकीतलं युनिटही बदललं, फरक शून्य. काटा भरवशाचा धरून गगनबावड्याला निघालो आणि साळवणच्या पुढं पेट्रोल संपून गाडी थांबली. आता मिस्त्री म्हणतात, मीटरचा अख्खा संच बदला. काय करू?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : संच बदलू नका. तुमच्या पत्रातच निदान आहे. दोन काटे आहेत, दोघांची कामं वेगळी, दोघांची युनिटं, म्हणजे मोजून काट्याला कळवणारे भाग, वेगळी. एक टाकीत, एक इंजिनाच्या हेडजवळ. ती दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाजूला, म्हणजे वरच, बिघडतील हे होत नाही. दोघांत सामाईक असलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. शिवाय तुम्ही लिहिलंय की हे सगळं रंगकामानंतर सुरू झालं. ते वाक्य वाचल्यावर माझा संशय पक्का झाला. स्टॅबिलायझरला बॉडीचा अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परत जायची वाट, मिळत नाही.

आता हे असं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काहीही सांगितलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या गाडीतले स्मिथ्सचे मीटर उष्णतेवर चालतात. काट्यामागे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, तापली की वाकते आणि वाकताना काटा ओढते. म्हणून चावी फिरवल्यावर हा काटा झटकन उडत नाही, सावकाश चढत जातो. करंट किती जाणार हे टाकीतलं युनिट ठरवतं. टाकी भरलेली असते तेव्हा युनिटचा रेझिस्टन्स कमी, साधारण २०-३० ओहम. रिकामी होत जाईल तसा तो वाढत २००-२५०च्या आसपास जातो. पाण्याच्या युनिटचंही तसंच, पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि काटा चढतो.

अडचण अशी की गाडीतलं व्होल्टेज एका जागी थांबत नाही. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२च्या थोडं वर, इंजिन जोरात असताना अल्टरनेटर १४च्या घरात. काटा उष्णतेवर चालतो म्हटल्यावर तो व्होल्टेजबरोबर वरखाली होणारच. ते होऊ नये म्हणून दोन्ही मीटरच्या आधी स्टॅबिलायझर बसवला आणि मीटर १० व्होल्टच्या हिशेबाने तयार केले.

हा स्टॅबिलायझर म्हणजे अर्ध्या काडेपेटीएवढी पत्र्याची डबी. एका बाजूच्या टोकावर ‘बी’ अक्षर, तिथं फ्यूजमधून येणारा सप्लाय लागतो. दुसऱ्या बाजूला ‘आय’, तिथून मीटरकडे वायर जाते. आत पुन्हा तीच जोडपट्टी आणि तिच्यावर तार. पट्टीच्या टोकाला कॉन्टॅक्ट असतो. कॉन्टॅक्ट जुळला की बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरकडे जातं, त्याच वेळी पट्टीवरच्या तारेतूनही करंट वाहतो. पट्टी तापून वाकते, कॉन्टॅक्ट तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. अशी चालू-बंद उघडझाप सतत चालते आणि तिची सरासरी १० व्होल्ट पडते. बॅटरीचं व्होल्टेज वाढलं तर पट्टी लवकर तापते, कॉन्टॅक्ट जास्त वेळ उघडा राहतो, सरासरी तीच. मीटर स्वतः सावकाश तापणारे असल्यामुळे त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. इतक्या साध्या सामानात इतकं चोख काम करणारी वस्तू बनवली त्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आता मुद्दा. पट्टीवरच्या तारेतून जाणारा करंट परततो कुठून? डबीच्या पत्र्यातून, म्हणजे ज्या स्क्रूने डबी बसवली आहे त्या स्क्रूतून. तिथं अर्थ नसेल तर तारेतून करंट वाहत नाही, पट्टी तापत नाही, कॉन्टॅक्ट कधीच उघडत नाही. मीटरना १० ऐवजी सरळ १४ व्होल्ट मिळतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १४ला १०ने भागा, १.४. त्याचा वर्ग १.९६. म्हणजे काट्याला जवळजवळ दुप्पट उष्णता. अर्धी टाकी भरलेली दिसणार आणि व्यवस्थित थंड चाललेलं इंजिन उकळताना दिसणार. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. थर्मोस्टॅट आणि टाकीचं युनिट बिचारे उगाच बदलले गेले. जुनं युनिट टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा, ते नव्यापेक्षा सरस असण्याची शक्यता मोठी आहे.

रंगकाम करणारे लोक काम मनापासून करतात, पण डॅशबोर्डमागच्या प्रत्येक पट्टीला, प्रत्येक स्क्रूच्या भोकाला रंग बसतो. रंग म्हणजे इन्सुलेशन. लँड रोव्हरमध्ये आणखी एक भानगड आहे. बॉडी ॲल्युमिनियमची, चेसिस आणि बोल्ट लोखंडाचे. आपल्याकडचा पावसाळा, त्यात भुदरगड-राधानगरीच्या बाजूचा पाऊस, आणि दोन वेगळ्या धातूंचा जोड. तिथं ॲल्युमिनियमची पांढरी पूड धरते. बोल्ट वरून घट्ट वाटतो, रिंच लावला तर हलत नाही, पण खाली करंट जायला वाटच नसते. आतल्या डॅशबोर्डचा बराच भाग प्लास्टिकचा, त्यामुळे मीटरच्या बाजूला येणाऱ्या काळ्या अर्थ वायरवर सगळी भिस्त असते. ती वायर खोललेली परत लावली का, हेही बघा.

तपासणी अशी करा. आधी बॅटरीची अर्थकडची केबल काढून मीटरचं पॅनेल पुढं घ्या, डबी दिसेल अशी सोडवा, मग केबल परत जोडा. डॅशबोर्डचा दोन-सव्वादोन वॅटचा छोटा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक ‘आय’ टोकाला, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी चालू करा. स्टॅबिलायझर काम करत असेल तर थोड्या वेळात बल्ब लुकलुकायला लागतो. अखंड जळत राहिला तर डबी उघडझाप करत नाहीये. डिजिटल मल्टीमीटर लावलात तर आकडे शून्य आणि बारामध्ये नाचतात, त्यातून काही बोध होत नाही. इथं बल्ब किंवा जुना काट्याचा मल्टीमीटर बरा.

बल्ब अखंड जळतोय असं दिसलं की एक लांब वायर घ्या. एक टोक डबीच्या पत्र्याला दाबून धरा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. डबीवर जिथं टेकवाल तिथला गंज आधी पॉलिश पेपरने घासून पितळेसारखी चकाकी येऊ द्या. बल्ब लुकलुकायला लागला तर रोग सापडला, डबी चांगली आहे, फक्त अर्थ नव्हता. एवढं करूनही अखंडच जळत राहिला तर आतली तार तुटलीय किंवा कॉन्टॅक्ट चिकटलाय, मग डबी बदला. बल्ब मुळीच लागला नाही तर ‘बी’ टोकाला सप्लाय येतो का ते आधी बघा. सप्लाय असून बल्ब नाही म्हणजे कॉन्टॅक्ट जळून उघडे पडलेत. त्या वेळी दोन्ही काटे खाली पडलेले असतात, तुमच्यासारखे वर नसतात.

एक खुलासा. तुमच्या गाडीत आधीच कुणी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली असेल, तर बल्ब लुकलुकणार नाही, स्थिर जळेल, पण मल्टीमीटरवर स्थिर १० दिसेल. ते बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

अर्थ दुरुस्त करताना स्क्रूखालचा रंग फक्त डबी टेकते तेवढ्याच जागी खरवडा. वर दातेरी वॉशर टाका. त्याहून चांगलं म्हणजे त्याच स्क्रूखाली एक लग (वायरीच्या टोकाची भोकाची पट्टी) लावून काळी वायर सरळ बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, मुख्य अर्थ बोल्टपर्यंत न्या. पत्र्यापत्र्यांवर विसंबू नका. जोड आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा, आधी नाही. आणि अस्सल डबी बसवताना तिची वरची बाजू वरच ठेवा. आत पट्टी तापून वाकते, ती आडवी किंवा उलटी बसली तर सरासरी चुकते.

मग टाकी. तुमची टाकी सीटखाली आहे, गादी उचलून झाकण काढलं की युनिट दिसतं. तिथं हिरव्यावर काळी रेघ असलेली वायर येते, आणि पाण्याच्या युनिटकडे जाते ती हिरव्यावर निळ्या रेघेची. मूळ वायरिंग असेल तर रंग असेच मिळतील. नंतर कुणी नवं वायरिंग ओढलं असेल तर रंगावर जाऊ नका, वायर हाताने शेवटपर्यंत धरून खात्री करा. युनिटची वायर सुटी केल्यावर काटा सावकाश रिकाम्याकडे यायला हवा. पाण्याच्या वायरीचंही तेच, सुटी केली की काटा थंडाकडे. एवढं झालं की मीटरमध्ये आणि वायरीत काही दोष नाही असं निश्चिंतपणे समजा. मी वायर अर्थला टेकवून काटा पूर्ण चढवून बघायचं सुचवत नाही. बघायचंच असेल तर क्षणभर टेकवून लगेच काढा, आणि सीटखाली टाकीजवळ तर नकोच, ठिणगी पडते. बराच वेळ टेकवून ठेवून मीटरची बारीक तार जाळलेली मी पाहिलीय.

शेवटी इंजिन खरंच गरम होत नाही याची वेगळी खात्री करून घ्या. लेझरचा थर्मामीटर आता गॅरेजात सगळ्यांकडे असतो. गाडी चांगली फिरवून आणा आणि थर्मोस्टॅटच्या कव्हरवर रोखा. ८०-९०च्या दरम्यान असेल तर ठीक. हे मी आवर्जून सांगतो, कारण खोटा काटा बघायची सवय लागली की माणूस खऱ्या काट्याकडेही दुर्लक्ष करतो, आणि करूळ घाट चढताना जेव्हा पाणी खरंच उकळतं तेव्हा हेड जातं.

प्रश्न : माझ्याकडे १९५८ची मॉरिस मायनर आहे. पेट्रोलचा काटा चावी फिरवली की टाकी रिकामी असतानाही भरलेली दाखवतो. एका इलेक्ट्रिशियनने टाकीवरची वायर काढून बॉडीला लावली, तर काटा रिकाम्यावर आला. तो म्हणाला, वायर अर्थ केल्यावर काटा फुलवर जायला पाहिजे, उलटा येतोय म्हणजे मीटर गेला. स्टॅबिलायझरही शोधला, सापडला नाही. कुणी काढून टाकला असेल का?
— कसबा बावडा

उत्तर : कुणी काही काढलेलं नाही. तुमच्या गाडीत स्टॅबिलायझर मुळातच नाही, कारण तुमचा मीटर वेगळ्या जातीचा आहे. ब्रिटिश गाड्यांत उष्णतेवर चालणारे मीटर आणि त्यांच्याबरोबर स्टॅबिलायझर सर्रास आले ते साठीच्या दशकात. त्याआधीच्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात आणि मधे लोखंडाचा छोटा तुकडा काट्याला जोडलेला. दोन्ही कॉइल त्याला आपापल्या बाजूला खेचतात. व्होल्टेज वाढलं तर दोघींचा जोर सारखाच वाढतो, म्हणून त्याला स्टॅबिलायझर लागत नाही.

ओळखायची खूण सोपी. चावी फिरवताच काटा टुणकन उडतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं की तोही डुलतो, तर तो कॉइलचा. पन्हाळ्याच्या चढाला काटा नाचतो अशी तक्रार तुम्ही कधी केली असेल, तर ती तक्रार नाही, त्याचा स्वभाव आहे. सावकाश चढून शांत उभा राहतो तो उष्णतेचा.

या जुन्या मीटरची चाल नेमकी उलटी आहे. टाकीची वायर अर्थ केली की काटा रिकाम्यावर यायला हवा आणि वायर सुटी राहिली की भरलेल्यावर जायला हवा. म्हणजे तुमच्या इलेक्ट्रिशियनच्या तपासणीने मीटर आणि वायर दोन्ही चांगले असल्याचंच सिद्ध केलंय. त्याला दोष देऊ नका, नव्या गाड्यांवर शिकलेल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या टाकीच्या युनिटकडून अर्थला वाट मिळत नाहीये, एवढंच यातून कळतं.

आता डिकीतून टाकीच्या युनिटपर्यंत पोहोचा. पहिल्यांदा युनिटच्या बाहेरच्या पत्र्यापासून बॉडीच्या स्वच्छ जागेपर्यंत एक वायर टेकवा, पेट्रोलचा वास नसताना, डिकी उघडी ठेवून. वायर आधी दोन्हीकडे लावा आणि चावी नंतर फिरवा, म्हणजे ठिणगीचा प्रश्न येत नाही. काटा जागेवर आला तर टाकी आणि बॉडीमधला अर्थ गेलाय. टाकी जिथं बॉडीला आवळली आहे तिथले बोल्ट साफ करा, किंवा युनिटच्या एका स्क्रूखालून कायमची वायर काढून बॉडीला द्या. एवढ्यानेही काटा हलला नाही तर युनिटच्या आत बारीक तार तुटलीय किंवा तिच्यावर फिरणारा हात टेकत नाहीये. युनिट बाहेर काढून मल्टीमीटरच्या ओहमवर लावा आणि फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीचा, हात हळूहळू वर न्या. आकडा सरकत सरकत वाढला पाहिजे. मधेच उडी मारत असेल किंवा गायब होत असेल तर त्या जागी पट्टी कळकलीय. इसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर तिथं चालवू नका, ती तार केसासारखी बारीक असते.

आणखी एक. ही गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. तुमचा मीटर दोन्हीकडे चालतो, त्याची काळजी नको. पण बॅटरी बदलताना दुकानातला मुलगा सवयीने मायनस बॉडीला लावून देईल, तिथं स्वतः उभे राहा.

प्रश्न : जुन्या ॲम्बेसिडरमध्ये दिवसा टेंपरेचरचा काटा बरोबर असतो, रात्री हेडलाइट लावले की चांगला वर चढतो. पेट्रोलचा काटा हलत नाही. हेडलाइटचा आणि पाण्याचा संबंध काय?
— कागल

उत्तर : पाण्याचा संबंध नाही, इंजिनाच्या अर्थपट्टीचा आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. हेडलाइटचा करंट बॉडीतून त्या पट्टीवाटे इंजिनावरच्या अल्टरनेटरकडे परत जातो. पट्टी कळकली किंवा अर्धी तुटली की तिथं व्होल्टेज अडतं. पाण्याचं युनिट इंजिनावर आहे, टाकी बॉडीवर. म्हणून अडलेलं व्होल्टेज फक्त पाण्याच्या काट्यात जास्तीचं मिळतं. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर आणि दुसरं बॉडीवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी आजच बदला. उद्यावर टाकू नका. पट्टी पूर्ण गेली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलीतून परततो आणि ती केबल लाल होते. युनिट गळतं म्हणून कुणी त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाठ गुंडाळली असेल तर तीही काढा, युनिटला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. वडिलांच्या ट्रायम्फमधला स्टॅबिलायझर जळालाय. त्या जागी ७८१० आयसी लावली तर चालेल का? गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे असं वडील म्हणतात.
— शाहूपुरी

उत्तर : कल्पना बरोबर आहे आणि तुमच्या वयाच्या मुलाने हे हाती घेतलं याचा मला फार आनंद झाला. ७८१० ही बाहेर स्थिर १० व्होल्ट देणारी आयसी आहे, पण तुमच्या गाडीला ती चालणार नाही. ती निगेटिव्ह अर्थसाठी आहे. पॉझिटिव्ह अर्थला तिची जोडीदार ७९१० लागते.

दोघींत एक फरक आहे आणि तिथंच मुलं आयसी जाळतात. ७८१०ची पत्र्याची पाठ आतून ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे ती सरळ बॉडीला स्क्रूने आवळली तरी चालते, उलट अर्थ आपोआप मिळतो. ७९१०ची पाठ इनपुटला जोडलेली असते. ती तशीच बॉडीला आवळलीत तर सरळ शॉर्ट. खाली अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश घाला, मग मल्टीमीटरवर पाठ आणि बॉडी यांत जोड नाही याची खात्री करा आणि मगच चावी फिरवा. ग्राउंडची पिन वेगळ्या वायरीने बॉडीला. पिनांचा क्रमही दोघींचा वेगळा आहे, डेटाशीट समोर ठेवूनच जोडा. आयसीच्या दोन्ही बाजूंना जवळच कपॅसिटर घालायला विसरू नका.

या आयसींना आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सुमारे २ व्होल्टने जास्त लागतं. म्हणजे बॅटरी १२च्या खाली गेली की बाहेर १० पूर्ण मिळणार नाही आणि काटे थोडे कमी दाखवतील. इंजिन चालू असताना हा प्रश्न येत नाही. जुन्या डबीची पत्र्याची टोपी आणि टोकं जपून ठेवा आणि आयसी त्या टोपीच्या आतच बसवा. बाहेरून गाडी जशी होती तशीच दिसली पाहिजे. आणि सगळ्यात आधी, वडिलांचं म्हणणं मल्टीमीटरने पडताळून घ्या. मधल्या काळात कुणी गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल तर वरचं सगळं उलटं होईल.

प्रश्न : २०२१च्या पुरात आमची जुनी लँड रोव्हर पाण्यात होती. नंतर इंजिन सुरू झालं, पाण्याचा काटा नीट चालतो, पण पेट्रोलचा काटा रिकाम्यावरून हलत नाही. वायर तपासली, सप्लाय आहे.
— शिरोळ

उत्तर : पाण्याचा काटा नीट आहे म्हणजे स्टॅबिलायझर नीट आहे. आता फक्त पेट्रोलची वाट तपासायची. पुरानंतर दोनच गोष्टी बहुधा सापडतात. एक तर युनिटच्या टोकावर चिखल बसून ते हिरवं होऊन तुटलेलं असतं. नाहीतर पितळी फ्लोटला बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरतं आणि तो टाकीच्या तळाला जाऊन बसतो. मग टाकी तुडुंब असली तरी युनिट रिकामीच सांगणार.

बॅटरी पूर्ण सोडा. टाकीतलं पेट्रोल काढा आणि काम उघड्यावर करा. युनिटची चकती फिरवायला लोखंडी छिन्नी-हातोडा घेऊ नका, लाकडी किंवा पितळी दांडा घ्या. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल असेल तर आवाज येतो. भोक दिसत नसेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जिथून निघतील तिथं भोक. त्याच भोकातून सगळं पेट्रोल काढून टाका, गरम पाण्यात बराच वेळ ठेवून वाफ जाऊ द्या, पूर्ण वाळवा, आणि मग इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने भोकावर डाख द्या. गॅसची ज्योत फ्लोटजवळ कदापि आणू नका. डाख अगदी पातळ ठेवा, वजन वाढलं तर फ्लोट खोल तरंगेल आणि काटा नेहमी कमी दाखवेल.

परत बसवताना युनिटखालचं जुनं गॅस्केट वापरू नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओलही धरतं. इथेनॉलला टिकणारं गॅस्केट मागून घ्या. टाकीत चिखलाचा थर राहिलेला असणार, तो धुऊन काढल्याशिवाय नवं पेट्रोल भरू नका. मग पाच-पाच लिटर ओतत जा आणि प्रत्येक वेळी काटा थांबेपर्यंत वाट बघून तो कुठं उभा राहतो ते लिहून ठेवा. तुमची टाकी ८८ इंची गाडीची असेल तर ४५ लिटरच्या आसपास मावतं. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.